साहेबांच्या धारेची नोंदवही

मंगळवार, ४

ही वही मिळून सात आठवडे झाले आणि आज कुठे पहिलं खरं पान लिहितोय. रोज ठरवायचो, रोज काहीतरी आडवं यायचं. आधी पेन सापडेना. पेन शोधायला पलंगाखाली शिरलो तर तिथे जुना माउथ ऑर्गन मिळाला, त्यात तीन दिवस गेले. मग ताईने माउथ ऑर्गन लपवला, तो शोधण्यात आठवडा गेला. पेन शेवटी माझ्याच कानावर होतं.

वही बंबवाल्यांची. बंबवाले म्हणजे ताईचे सासरे. छत्तीस वर्षं अग्निशमन दलात होते, निवृत्त होताना दलाने मोडीत काढलेल्या कोऱ्या नोंदवह्यांचा गठ्ठा घरी घेऊन आले. प्रत्येक पानावर रकाने छापलेत: वेळ, दाब, दिशा, गळती, शेरा. प्रत्येक पांढऱ्या पानाखाली एक गुलाबी पान, मधे कार्बन. पांढरं ठाण्यात राहायचं, गुलाबी फाडून मुख्यालयात जायचं. इथे येताना वाटेत त्यांच्या गावी थांबलो होतो, तेव्हा मला एक वही देऊन म्हणाले, "फिरस्त्या, चोवीस वर्षांचा घोडा झालास. रोज काय उद्योग केलास ते लिही, आणि दर रविवारी गुलाबी पान मला टपालाने पाठव."

दोन रविवार पाठवलं. दोन्हींवर "काम शोधतोय" एवढंच. मग सोडून दिलं. आता ही वही माझी खासगी. कार्बन काढून टाकायला हवा, पण त्यासाठी उठावं लागेल.

इथे दोन दिवसांसाठी आलो होतो. तंबू ठोकणाऱ्या कंपनीतली नोकरी सुटली (सोडली म्हणावं की काढलं म्हणावं, यावर आमचे मतभेद आहेत), म्हटलं ताईकडे तोंड दाखवून पुढे सटकू. पण ताईने दारातच माझ्या हातात साहेबांना दिलं आणि म्हणाली, "थांबशील का रे थोडे दिवस?" तिचा आवाज असा होता की मी बॅग खाली ठेवली.

साहेब म्हणजे ताईचा मुलगा. वय अकरा महिने. घरात सगळे त्यांच्या हुकमात, म्हणून साहेब. ताईने थांबवलं त्याचं कारण उद्या लिहितो, आता बाहेर कोणीतरी कपाट जिन्यावरून चढवतंय आणि ते अडकलंय. बघायलाच हवं.

गुरुवार, ६

कपाट अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे.

कारण असं. साहेबांची शू जिथून यायला हवी तिथून येत नाही. भोक टोकाला असतं, ते त्यांचं खालच्या अंगाला, जरा मागे आहे. जन्मतःच. त्याला लांबलचक नाव आहे, डॉक्टरबाईंनी लिहून दिलं, मी तीनदा वाचलं आणि तीनदा वेगळं वाचलं. शाळा आणि मी, आमचं आठवीनंतर बोलणं नाही.

आज दवाखान्यात ताई, भावोजी आणि मी गेलो. मी यासाठी की भावोजी दवाखान्याचा वास आला की पांढरे पडतात, त्यांना धरायला कोणीतरी लागतं. डॉक्टरबाई लहान मुलांच्या सर्जन. बुटक्या, घाईच्या, बोलताना समोर मिळेल त्यावर चित्र काढतात. आज भावोजींच्या पाकिटावर काढलं.

"अडीच-तीनशे मुलांत एखाद्याला असतं हे," त्या म्हणाल्या. "हे दुरुस्त होतं. एक ऑपरेशन, एक रात्र इथे, आठवडाभर बारीक नळी. याच वयात केलेलं उत्तम, पुढे त्याला आठवणारही नाही. आणि ती वरची जास्तीची कातडी कोणालाही कापू देऊ नका, मला नवी वाट बांधायला तीच लागणार आहे."

मग विचारलं, "घराण्यात कोणाला होतं का? वडील, काका, आजोबा?"

"छे!" भावोजी ताठ झाले. "आमच्याकडे सगळे ठणठणीत. माझे वडील तर अग्निशमन दलात होते."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि "नाही" असं लिहिलं.

ताईने खालमानेने विचारलं, "माझ्याकडून काही झालं असेल का? सहाव्या महिन्यात मी खिडकीला रंग दिला होता. शिडीवर चढून."

"खिडकीचा काही संबंध नाही. शिडीचाही नाही. तुमचा काही दोष नाही."

ताईने मान हलवली. पण घरी आल्यावर मी बघितलं, ती त्या खिडकीकडे अशी बघत होती की खिडकीलाच अपराधी वाटावं.

काम मलाही मिळालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशनपर्यंत साहेबांची धार कशी पडते, बारीक की जाड, कुठे जाते, ते लिहून ठेवा. लिहायला कोण रिकामा आहे? सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

शुक्रवार, ७

रकाने जणू यासाठीच छापलेत!

सकाळी ७.१०. दाब: मध्यम. दिशा: खाली आणि मागे. गळती: — . शेरा: चादर.

सकाळी ९.३५. दाब: जोरात. दिशा: खाली, मग डावीकडे. गळती: — . शेरा: माझा गुडघा.

११.२०. झोप लागली होती. (मला. साहेब जागे होते.) शेरा: उशी, माझी.

एक गोष्ट कळली. नॅपी काढून वाट बघत बसलं की साहेब एक थेंब सोडत नाहीत, नुसते बघत राहतात, एखाद्या अर्जावर विचार करत असल्यासारखे. वही मिटली की लगेच सही.

शनिवार, ८

शनिवार म्हणजे बंबवाल्यांचा फोन. ते सहा तासांच्या अंतरावर एकटेच राहतात, गुडघा कामातून गेलाय, आणि आपला तिसरा मजला बिनलिफ्टचा. "त्या जिन्याने आता मला खांद्यावरूनच न्यावं लागेल," म्हणतात. म्हणून नातवाला अजून फक्त फोटोत बघितलंय.

"सूनबाई, काय म्हणतोय आमचा गडी?"

"छान आहे, बाबा."

"सगळं ठाकठीक?"

"हो, बाबा."

"असणारच. आमच्या घरातले सगळे अव्वल निघतात."

ताईने फोन ठेवला, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ. मला वाटलं कपडे धुतेय, पण बाहेर आली तर हात कोरडे आणि डोळे लाल. म्हणाली, "त्यांना कळता कामा नये. एवढंच वाक्य ते दर वेळी बोलतात आणि मी नळ सोडते. म्हणतील, आमच्यात असं कधी नव्हतं, हे हिच्याकडून आलं."

मी म्हटलं, माझ्या तोंडाला कुलूप. ती म्हणाली, "तुझ्या तोंडाला दारच नाही, कुलूप कुठे लावणार?" तरी शप्पथ घातली.

तिची भीती समजू शकतो. बंबवाले म्हणजे शिस्तीचा पुतळा. एकदा त्यांच्याबरोबर मोटारीने लांबचा प्रवास केला होता. वाटेत गाडी थांबली, सगळे पुरुष झाडाआड जाऊन उभे राहिले. बंबवाले गाडीत, दातओठ दाबून. पुढे चाळीस किलोमीटरवर कडीवाली खोली मिळाली तेव्हा कुठे उतरले. ठाण्यातही म्हणे त्यांनी स्वतःसाठी वेगळी खोली बांधून घेतली होती, आतून कडी, बसायची सोय. भावोजी सांगतात, लहानपणापासून कधी त्यांना उभ्याने उरकताना बघितलं नाही, की नदीवर चारचौघांत अंघोळ करताना. हाताखाली अख्ख्या शहराचे पाण्याचे पाइप, आणि स्वतः असे. एवढी शिस्त माझ्यात असती तर आज मी कुठल्या कुठे असतो.

रविवार, ९

दुपारी उठलो तर भावोजी जेवणाच्या टेबलाशी माझी वही घेऊन उभे, तोंड दुसरीकडे. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "तुझंच काम. तू झोप. लहानपणी बाबांनी एकच शिकवलं, रविवार चुकवायचा नाही आणि दुसऱ्याचं टपाल वाचायचं नाही." मला काही कळलं नाही, पण झोप म्हणाले म्हणून झोपलो. देवमाणूस आहे.

संध्याकाळी ते फिरून आले, एकदम हलके, शीळ घालत.

बुधवार, १२

एक गूढ आहे. वहीतली गुलाबी पानं गायब होताहेत. मागची सगळी गेली. ताई म्हणते साहेबांनी खाल्ली असतील, परवा त्यांनी मोज्याचा अंगठा खाल्ला. म्हणून दोन दिवस नॅपीत गुलाबी काही येतंय का बघतोय. अजून नाही.

बोटंही निळी होतात. वही जुनी आहे, शाई सोडत असेल.

शनिवार, १५

ऑपरेशन सोमवारी. डॉक्टरबाईंनी बजावलंय, सर्दी-ताप असेल तर भूल देता येणार नाही, तारीख पुढे, आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी. आणि आज सकाळी मला शिंक आली.

एकच! धुळीची! पण ताईने मला गॅलरीत काढलं आणि दार लावून घेतलं. जेवण खिडकीतून. त्याच खिडकीतून, रंगवलेल्या. साहेब काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होते. मी नाचून दाखवलं, समोरच्या इमारतीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

बंबवाल्यांचा फोन गॅलरीतून ऐकला. आज "अव्वल" वगैरे काही नाही. बोलतच नव्हते. ताई "हॅलो? हॅलो?" करत राहिली. मग म्हणाले, फिरस्त्याला दे. फोन खिडकीतून आला.

"फिरस्त्या."

"बोला."

"सर्जन चांगली आहे ना?"

मी हबकलो. "कोण सर्जन?"

"काही नाही. आणि ऐक. दाबाच्या रकान्यात 'जोरात' लिहायचं नसतं. आकडा लिहावा. गळती नसेल तर नुसती रेघ मारायची नसते. 'नाही' असं अक्षरी लिहावं. रेघेचा अर्थ कोणी काहीही काढतं."

फोन ठेवला. ताईला म्हटलं, बंबवाल्यांचं वय बोलायला लागलंय. मधेच दलातलं काहीतरी आठवतं त्यांना.

सोमवार, १७

झालं.

पहाटेपासून साहेबांना दूध बंद. उपाशी साहेब म्हणजे काय ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. दवाखान्याच्या दारात त्यांनी पहारेकऱ्याची टोपी ओढून चावली. आत नेताना मात्र एकदम गप्प झाले आणि नर्सच्या खांद्यावरून ताईकडे बघत राहिले. दार बंद झालं. ताई त्या दाराकडे बघत उभी. मी काहीतरी विनोद करणार होतो, पण आठवेना.

बाहेरच्या बाकावर पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस होता, बकरीला वाचवताना पडलेला. बकरी ठीक आहे. त्याची गोष्ट इतकी रंगली की भावोजी कधी घसरले ते कळलंच नाही. नर्सने त्यांना उचललं, साखरपाणी दिलं आणि म्हणाली, "पेशंट आत आहे ना? मग तुम्ही का?"

दोन तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. "छान झालं," एवढंच. आणि भावोजींच्या पाकिटावरचं जुनं चित्र खोडून नवं काढून दाखवलं. भोक टोकाला.

ताई रडली. मीही, पण माझं ते बकरीमुळे असावं.

बुधवार, १९

काल घरी आलो. आता नळी आहे, आतून बाहेर आलेली, सतत थेंब थेंब. नर्सने पद्धत शिकवली: दोन नॅपी. आतल्या नॅपीला पुढे छोटं भोक, त्यातून नळी बाहेर, तिचं टोक बाहेरच्या नॅपीत. आत कोरडं, बाहेर ओलं. बाहेरची कोरडी राहिली तर नळी तुंबली समजून फोन करायचा. साहेबांना कडेवर पाय फाकवून घ्यायचं नाही, खेळण्यातल्या गाडीवर बसवायचं नाही. मधेच पोटात कळ येते त्यांना, त्यावर औषध आहे.

ताईची झोप उडालीय. मी तिला सांगितलं, तू झोप, मी बघतो. तिने माझ्याकडे बघितलं. "तू? तू गॅसवर दूध ठेवून शेजारच्या गावाला जाणारा माणूस." एकदाच झालं होतं ते.

पण दर तासाला बाहेरची नॅपी बघायची आणि लिहायचं, एवढं जमतंय. आज चौदा नोंदी. चौदाही "ओली". गळतीच्या रकान्यात अक्षरी "नाही". रेघ मारायला हात गेला होता, पण का कोण जाणे, बंबवाले डोक्यावर बसलेत.

खाली कोणी सर्कशीतला जनरेटर चालवायला माणूस शोधतंय, चिठ्ठी दिसली. आधीचा मी असतो तर आत्तापर्यंत बॅग भरली असती. चिठ्ठी खिशात घातली, आणि मग तिच्यामागे नॅपीची वेळ लिहिली.

रविवार, २३

भावोजी टपाल टाकून शीळ घालत आले. कोणाला एवढी पत्रं लिहितात कोणास ठाऊक. गुलाबी पानं पुन्हा गेलीत. साहेबांचं पोट बिनतक्रार आहे.

काल बंबवाल्यांचा फोनच आला नाही. ताई म्हणाली, सुटले. मग दिवसभर फोनकडे बघत बसली.

मंगळवार, २५

काल सकाळी नळी काढली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता घरी जाऊन वाट बघा. पहिल्या वेळी रडेल, धार थोडी उडेल, घाबरू नका. एका जागेवरून येतेय ना तेवढं बघा. दुसरीकडून थेंब आला तर मला कळवा.

तर काल दुपारी पलंगावर रबरी चादर, त्यावर साहेब, उघडे. डावीकडे ताई, उजवीकडे भावोजी, पायाशी मी, मांडीवर वही. सगळे एकाच ठिकाणी डोळे लावून. असं कोणी माझ्याकडे बघितलं असतं तर मला जन्मात झाली नसती.

अर्धा तास. पाऊण तास. भावोजींनी तोंडाने "शूऽऽ" सुरू केलं आणि स्वतःच उठून न्हाणीघरात गेले. ताईचे ओठ हलत होते फक्त. ऐकलं तर ती पुटपुटत होती, "शिडी, खिडकी, सर्दीची गोळी, शिडी, खिडकी..."

मी म्हटलं, "ताई, पुरे. बाई म्हणाल्या ना, तुझा दोष नाही."

"मग कोणाचा रे?" ती म्हणाली. "कुठून तरी आलंच असेल ना?"

मी वही मिटली.

वही मिटली आणि साहेबांनी सही केली!

आधी एक आरोळी, मग धार. वर! सरळ वर, कमान करून, एका जागेवरून, थेट माझ्या शर्टाच्या खिशात, जनरेटरच्या चिठ्ठीवर. मी हललो नाही. ताई चादरीला गाल टेकवून बघत होती की दुसरीकडून थेंब येतोय का, आणि ओरडत होती, "नाही! नाही रे! खाली काही नाही!" भावोजी न्हाणीघरातून अर्धवटच धावत आले आणि संपल्यावर पोचले. साहेब आधी रडले, मग स्वतःच्या पराक्रमाकडे बघून हसले.

दुपारी २.४०. दाब: माझ्या हाताने तीन विती उंच. दिशा: पुढे आणि वर. गळती: नाही. शेरा: खिसा. माझा. हरकत नाही.

बुधवार, २६

सकाळपासून चार नोंदी, चारही पुढे आणि वर. ताई आज नीट जेवली. खिडकीकडे बघितलं नाही. पण मघाशी साहेबांना झोपवताना हळूच म्हणाली, "तुझ्या आजोबांना हे कधीच सांगायचं नाही हं." म्हणजे तो नळ अजून पुरता बंद नाही.

मी विचार करतोय की आता माझी गरज संपली, निघावं. किंवा आणखी आठवडाभर थांबावं. किंवा

थांबा, घंटा वाजली. ते कपाटवाले असतील.

कपाटवाले नाहीत. घाईत लिहितोय, कारण मला स्वयंपाकघरात पाणी आणायला पाठवलंय आणि वही इथेच होती.

दारात बंबवाले आहेत! तीन मजले, तो गुडघा, हातात दलाची जुनी बॅग. वाटेत दुसऱ्या मजल्यावर त्या अडकलेल्या कपाटावर बसून दम खाल्ला म्हणे. आणि दुसऱ्या हातात गुलाबी पानांचा गठ्ठा. माझी पानं. सगळी. साहेबांनी खाल्ली नव्हती! माझ्या अक्षरातली, निळी, चार तारखेपासूनची, आणि समासात लाल पेन्सिलीच्या खुणा.

"रोजच्या नोंदी नीट आहेत," ते धापा टाकत म्हणाले. "तुला काहीतरी जमतं, हे मला माहीत नव्हतं."

मी भावोजींकडे बघितलं. भावोजी म्हणाले, "रविवार चुकवायचा नसतो." मग गठ्ठ्यातलं वरचं पान त्यांनी पहिल्यांदाच वाचलं, आपण दर रविवारी काय पाठवत होतो ते कळलं आणि भिंतीला टेकले.

"आठ तारखेच्या पानावर माझ्याबद्दल लिहिलंयस," बंबवाले मला म्हणाले. माझी पाचावर धारण बसली. "मोटार, झाडं, कडी. निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष साफ चूक."

शिस्त नाही, तर मग काय? त्यांनी टोपी काढली. टोपीशिवाय ते खूपच म्हातारे दिसतात.

"सूनबाईला बोलाव," ते म्हणाले. "दवाखान्यात एक प्रश्न विचारला होता, घराण्यात कोणाला होतं का. सहा तारखेच्या पानावर आहे. माझ्या मुलाने त्याचं उत्तर चुकीचं दिलंय, कारण त्याला मी कधी सांगितलंच नाही. ते दुरुस्त करायला आलोय."

ताई साहेबांना घेऊन खोलीतून बाहेर आलीय. बंबवाल्यांनी तिला बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले, बाळासाठी की तिच्यासाठी, इथून नीट दिसत नाही. पाणी घेऊन जातो.